मंडळीनं तोंड उघडलं

सायकल माणसावर बसलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली!

दिवाळी तोंडावर आली होती आणि अवकाळी सर पडून गेली होती. आमची काळी माती ओली झाली की कोणाचीच भीड ठेवत नाही. मी झेंडूची पाटी डोक्यावर घेऊन मळ्यातून निघाले, तर नांदगाव पेठेच्या वाटेवर एक उंच तरुण समोर. पायजमा गुडघ्यापर्यंत गुंडाळलेला, दोन्ही चाकं चिखलानं गच्च… आणि सायकल खांद्यावर!

"काहो, तुमी सायकलवर बसता का सायकल तुमच्यावर?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"आज तिची पाळी आहे," तो हसून म्हणाला. "अकोल्यापासून स्टेशनापर्यंत रेल्वेनं आणली, आता खांद्यावरून नेतोय. लाडकी आहे."

"कुठी चालले?"

"नांदगावच्या ख्रिस्ती देवळात. मी नवा पाळक, देवीदास."

माझं हसू जागच्या जागी थिजलं. पाटी कलली… तर त्यानं चटकन हात लावून सावरली. मोकळा हात तेवढाच स्वच्छ होता. मी मनकर्णा, त्याच देवळाच्या मंडळीतले सर्वांत वडील पंच महादेवराव यांची मुलगी, शाळेत पोरांना धाक दाखवणारी मास्तरीण — आणि मला साधा 'सलाम' सुचेना!

देवीदास आला तो मोठं ओझं घेऊन. ज्या गोऱ्या मिशनरी साहेबानं आमचं देऊळ बांधलं, तो विलायतेला परत चालला होता. अकोल्याच्या मिशनच्या कमिटीनं कळवलं होतं की, आजवर साहेब नेमायचा ते पंच नाताळच्या आत मंडळीनं आपले आपण निवडावेत आणि देऊळ चालवायला तयार आहोत असं सांगावं. नाहीतर देवळाला कुलूप लावून आम्हाला अमरावतीच्या मंडळीत घालणार, आणि देवीदासला मेळघाटात धारणीला पाठवणार.

आमच्या मंडळीला ठरवायची सवयच नव्हती. सभा भरायची, कपाशीवर बोलणं व्हायचं, कोणाचा बैल कोणाच्या वावरात शिरला ते व्हायचं, आणि शेवटी बाबा म्हणायचे, "साहेब म्हणन तसं." झाली सभा!

देवीदासनं पहिल्या सभेत टेबलावर घड्याळ ठेवलं, शेजारी घंटी. प्रार्थना आटोपली आणि त्यानं थेट विचारलं, "प्रश्न एकच आहे. आपली मंडळी आपण चालवणार की नाही?"

पुंजारामकाका आढ्याकडे बघत बसले. बाबांनी पागोटं सोडून पुन्हा बांधलं. शेवटी "पाहू" म्हणत एकेक जण उठून गेला.

मी सतरंज्या गुंडाळायला थांबले होते. तो घंटीकडे बघत बसला होता, बिचारा.

"माझं काय चुकलं, मनकर्णाबाई?"

"खुशाली नाही इचारली तुमी. वऱ्हाडातल्या खेड्यात पोरगी मागाले गेलं तरी आधी कपाशीचं इचारा लागते. अन पुंजारामकाकाचा बैल परवा मेला. त्यायले तुमी पंचाच्या निवडणुकीचं इचारून राहिले!"

त्याचा चेहरा उतरला. "अरे देवा… मी उद्याच त्यांच्या घरी जातो. पण एकदा बैलाचं सुरू झालं, की सभा बैलातच संपते. त्याचं काय करायचं?"

आम्ही दोघं पायरीवर बसलो. मध्ये गुंडाळलेल्या सतरंज्यांचा ढीग होता, हे मी आवर्जून सांगते! अर्धी युक्ती त्याची, अर्धी माझी. आधी बाहेर निंबाखाली गुळाचा चहा, तिथं मनसोक्त सुखदुःख. मग वहाणा काढल्या की बाकीच्या गोष्टीही बाहेरच. आत एकच प्रश्न आणि ज्याच्या त्याच्या पाळीनं बोलणं.

"अन बायायची बी पाळी," मी म्हटलं.

"बायांची?"

"कावून? देऊळ आमी झाडतो, भजन आमी म्हणतो, अन तोंड तेवढं तुमचं?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "तुम्ही चिडलात ना, की —"

"की काय?"

"…सभा पार पडली की सांगीन."

'सांगेन' नव्हे, 'सांगीन'! अकोल्याच्या मिशन शाळेत घडलेला पोरगा पुस्तकी भाषा विसरत चालला होता. मला ते फार आवडलं.

नाताळच्या आदल्या रविवारी दुसरी सभा भरली. निंबाखाली पुंजारामकाका बैलाचं सांगता सांगता रडले. देवीदासनं घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाही. चहा संपला, वहाणा निघाल्या आणि सगळे आत आले.

पहिली पाळी बाबांची. "साहेब गेल्यावर आपल्याले कोण सांभाळन? आपण साधी माणसं. आहे तेच बरं."

माना डोलू लागल्या. देऊळ जाणार… आणि तो धारणीला जाणार. यातलं जास्त काय दुखत होतं, ते मला विचारू नका.

मग बायांची पाळी आली. मैनाबाई उठली. भाजी विकणारी बाई, बाजारात आवाज खणखणीत, पण सभेत ती कधी बोललीच नव्हती.

"महादेवराव, तुमचं वावर साहेब पेरते का? पेरतो आपण, निंदतो आपण, येचतो आपण. मंग देऊळच कावून चालवता येत नाही आपल्याले?"

पुंजारामकाका म्हणाले, "बाई खरं बोलली," आणि त्यांनी हात वर केला. दुसरा हात, तिसरा… सगळ्यांत शेवटी, हळूहळू, बाबांचा. पंच निवडले, त्यात मैनाबाईसुद्धा! माझे डोळे भरून आले. ही माझी माणसं, माझी मंडळी!

"आता पाळक कोण, तेही तुम्हीच ठरवा," देवीदास उठला. "माझ्यासमोर ते नीट ठरणार नाही. मनकर्णाबाई सभा चालवतील." घंटी माझ्या हातात देऊन तो बाहेर गेलासुद्धा.

आवाज सरळ ठेवणं म्हणजे काय कसरत असते, ते मी त्या दिवशी शिकले. मी एकेकाला पाळीनं विचारलं, स्वतः अक्षर बोलले नाही. सगळ्यांना देवीदासच हवा होता. फक्त मैनाबाईनं अट घातली, आणि सगळी सभा हसली… माझ्याकडे बघून!

मी बाहेर आले. तो निंबाला टेकून उभा होता.

"ठरलं. पाळक तुमीच. पण एक अट हाय."

"कोणती?"

"एकटा पाळक घरोघर जाते, ते बरं दिसत नाही. लग्न करा लागते."

"कोणाशी?"

"ते सभेनं तुमच्यावर सोडलं."

तो पुढे आला. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. "मंग… मी तुमालेच इचारतो."

"पाळकीण पायजे म्हणून?"

"नाही. सभेनं नाही म्हटलं असतं, तरी धारणीहून चालत आलो असतो इचाराले. तुमी चिडल्या की मले वाटते, या बाईसोबत जलमभर भांडावं. तेच सांगाचं होतं."

माझी छाती अभिमानानं भरून आली. त्याचा अभिमान, आणि खरं सांगू? स्वतःचाही.

"हो," मी म्हटलं. "भांडू."

आम्ही आत गेलो. कोणी विचारायच्या आधीच मी घंटी वाजवली आणि भर सभेत सांगितलं, "त्यायनं मले इचारलं. मी हो म्हटलं."

बाबा उठून उभे राहिले.

"माहं लगन साहेबानं ठरवलं होतं," ते म्हणाले. आवाज कापत होता, पण मान ताठ होती. "माह्या पोरीनं आपलं आपण ठरवलं. हे बी ठरावात लिहा! कोणाची हरकत?"

आणि या वेळी मंजुरीचा पहिला हात बाबांचाच वर गेला.