पांढरी पडलेली अंगठी

सन एकोणीसशे बाराचा श्रावण. सुप्याला काळी नदीच्या काठी मी होडीची वाट बघत भिजत उभी होते, आणि अचानक माझ्या डोक्यावर एक छत्री आली.

वळून पाहिलं, तर पंचविशीचा एक तरुण. छत्री माझ्यावर, स्वतः मात्र सरीत. आणि छत्री सारखी हलत होती — वारा नसताना.

“थंडी वाजते का?” मी विचारलं.

“न्हाई... हाताला सवयच लागलीया.” तो ओशाळून हसला.

तो परशू. खानापूरकडचा, आमच्याच जातीतला, लाकूड डेपोत नवा कारकून. चेहरा पिठासारखा फिकट, मान मात्र माझ्यासारखीच काळीसावळी. मला गंमत वाटली, पण विचारलं नाही.

माझे वडील, अप्पा, सुप्यातले सोनार. मला भाऊ नव्हता, म्हणून बागेसरीतले, म्हणजे सोनाराच्या शेगडीतले, निखारे फुंकायला मीच बसायची. त्या पावसानंतर परशूच्या वस्तू एकाएकी मोडू लागल्या. कधी चांदीची गुंडी, कधी घड्याळाच्या साखळीचा आकडा.

“इतकं कसं मोडतं हो तुमचं?” एकदा मी हळूच म्हटलं.

“तुम्ही फुंकणी घेऊन बसताय, तवर मोडणारच,” तो खाली बघत म्हणाला.

मी निखारे उगीचच जोरात फुंकले.

गणपतीनंतर त्याच्या मामांनी मागणी घातली. अप्पांनी नकार कळवला. “केशर, त्येचे हात बघितलेस? सकाळच्याला असे हात कापतात ते पिणाऱ्याचे. दारुड्याच्या घरात तुला द्यायची न्हाई.”

त्याच्या तोंडाला कधी वास आला नव्हता... पण हात तर कापत होते. दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

आठवड्यानं अप्पा मंगळसूत्र पोचवायला गुंद गावाला गेले असताना परशू आला. त्यानं एक अंगठी पुढं ठेवली. “आईची हाय. सोनं खोटं निघालं वाटतं. एवढं बघा, परत न्हाई येणार.”

अंगठी जागोजागी पांढरी पडली होती. पारा लागला की सोनं असं होतं, हे मी लहानपणापासून बघत आले होते.

“सोनं खरं हाय. तुम्ही पारा कुठं हाताळता?”

“पारा? न्हाई बा.”

“मग हाताला काय लावता?”

त्यानं गालाला हात लावला. “हाताला न्हाई... तोंडाला. गोरं व्हायचं मलम. बेळगावात एका फेरीवाल्याकडनं घेतो. दोन वर्सं झाली.”

“कशाला?”

“एका मुलीनं काळा म्हणून नको म्हटलं होतं. तुम्हीबी म्हणाल, म्हणून सोडवंना.”

माझे काका पाऱ्याच्या वाफेत बसून सोन्याचा मुलामा द्यायचे. त्यांचेही हात असेच कापायचे, हिरड्यांतून रक्त यायचं. शेवटी अंगावर सूज आली, आणि ते गेले.

“हिरड्या दुखतात?”

“व्हय. तुम्हाला कसं कळलं?”

“त्या मलमात पारा हाय, आजच पुरून टाका. खोल.”

“मी परत काळा पडंन.”

“मग मी कोण हाय?” माझा आवाजच फुटला. “रोज आरशात बघता, माझ्याकडं एकदा बघायचं होतं.”

“तुमच्याकडंच बघत होतो,” तो म्हणाला. “रंग... बघायचा राहिला.”

संध्याकाळी अप्पांना सगळं सांगितलं. ते खाली मान घालून बसले. “माझा भाऊ गेला त्यानं, आणि मला वळखू आलं न्हाई.” दुसऱ्या दिवशी गाडी जुंपून ते स्वतः परशूला हल्याळच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. मूत्रपिंडाला नुकतीच इजा होऊ लागली होती. मलम बंद केलं तर बरं होईल, पण महिने लागतील, असं डॉक्टर म्हणाले.

दसऱ्याला हात कापतच होते. दिवाळीत थोडे कमी. मी रोज भिऊन त्या हातांकडं बघायची.

माघात एका सकाळी परशू आला. अप्पांनी मुद्दाम काठोकाठ भरलेला पेला त्याच्या हाती दिला. तो उभ्यानं सगळं पाणी प्यायला. एक थेंब सांडला नाही. अप्पा त्याच्या मामांना होकाराचं पत्र लिहायला आत गेले.

परशूनं पेला ठेवला. चेहरा आता मानेसारखाच झाला होता.

“पुन्हा काळा झालो,” तो म्हणाला.

“झालात.”

“मग...?”

“मग काय? मला तुम्हीच पायजे,” मी म्हटलं. बोलून टाकलं, आणि कितीतरी महिन्यांनी पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला.