डावा पीळ

मागच्या शेडमधल्या गाडीचा सायलेन्सर उघडायचा नाही, हा गॅरेजचा नियम होता. का, हे विचारायचं नाही, हा घरचा.

गाडी आत्याची. बावीस वर्षांपूर्वी दुसऱ्या शहरात नोकरी धरायला आत्या त्याच मोटारसायकलवर निघाली आणि रेल्वेच्या फाटकात आगगाडीखाली सापडली. गाडी रुळांपलीकडे जाऊन पडली होती, टाकीला एक पोचा, बस. "घाई नडली," मोठे काका सांगायचे. घरात कुठल्याही मुलीने उंबऱ्याबाहेर पाय टाकायचं नाव काढलं की हीच गोष्ट, आणि शेवटी हेच वाक्य.

तेव्हापासून कधीकधी भरदुपारी शेडमधून एकच बार निघायचा. टाकी कोरडी, चावी काकांच्या कमरेला. जेवणाऱ्यांचे हात ताटातच थांबायचे. "पत्रा तापतो," काका म्हणायचे. पाऊस कोसळत असला तरी पत्रा तापलेलाच असायचा.

ठिणगीला, म्हणजे त्यांच्या पुतणीला, हा पत्रा लहानपणापासून पटला नव्हता. आता ती इंजिनीअर झाली होती, खिशात नोकरीचं पत्र होतं, सोमवारी हजर व्हायचं होतं. तिने आत्याची गाडी मागितली.

काका हसले. चावी तिच्यापुढे टाकत म्हणाले, "तिचे बार थांबव आणि जा घेऊन. नाही थांबले तर ते पत्र फाडायचं आणि इथेच गॅरेजात नट-बोल्टांचे पाने धुवायचे. सायलेन्सरला मात्र हात लावायचा नाही."

"म्हणजे हातपाय बांधून पोहायला सांगताय."

"कॉलेजात तेही शिकवलं असेलच की, इंजिनीअरबाई."

"बाबा, तुम्ही तरी काही बोला."

बाबा स्वच्छ पाना पुन्हा पुसत होते. "काका सांगतायत ना," ते म्हणाले. हे एक वाक्य त्यांनी जन्मभर वापरलं होतं, आणि ते झिजलंही नव्हतं.

तीनच्या सुमाराला ती शेडमध्ये शिरली. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत तळघरासारखा गारवा. वास मात्र ऑइलचा नव्हता. जळक्या, ओल्या कापडाचा होता.

तिने हातदिवा हँडलला टांगला आणि कामाला लागली. प्लग काढून पाहिला, त्याची ठिणगी निळी आणि जोरकस. कार्ब्युरेटर धुतला. टॅपेट बसवले, टायमिंगची खूण जुळवली. टाकी गंजलेली, म्हणून पेट्रोलची बाटली खिळ्याला टांगून नळी जोडली आणि किक मारली. बावीस वर्षांची थंड गाडी पहिल्याच किकला उठली. जणू कुणीतरी किक मारायची वाटच बघत होती.

आणि मग बार. आणखी एक.

ती घाबरली नाही. तिने कान दिला. बार मागून येत नव्हता, पुढून, कार्ब्युरेटरमधून येत होता. मागून आला असता, तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये पेटतंय हे तिला दहाव्या वर्षीही कळलं असतं. पुढून येतो म्हणजे धूर उलटा फिरतोय. त्याला जायला मागे वाट नाही.

खात्री करायला तिने सायलेन्सरच्या तोंडावर तळहात धरला. चालू इंजिन हाताला ढकलतं. इथे फुंकरही नव्हती.

तिने चावी बंद करून खिशात टाकली, नळी उपसली. इंजिन थांबलं. तिने तळहात पुन्हा तिथेच धरला.

आणि तळहातावर हवा आली... कोमट. सावकाश. मग तीच हवा आत ओढली गेली, इतकी, की तळहात तोंडाच्या कडेला चिकटला. पुन्हा सुटला. तोंड दाबून धरलेल्या माणसासारखा तो श्वास फुटत होता.

"कोण आहे...?"

ठिणगीची भीती नेहमी रागातच संपायची, तशी आताही संपली. तिने सायलेन्सरच्या तोंडाची जाळी सोडवली, तारेचा आकडा आत घातला, ओढला.

कापडाचा बोळा बाहेर आला. ओला, गरम, आत्ताच कुणाच्या तोंडातून काढल्यासारखा. वरून तारेने आवळलेला, आणि तारेला पीळ डावा. सगळं जग तार उजवीकडे पिळतं. या गॅरेजमध्ये डावखुरा माणूस एकच होता, काका. तिने घडी उलगडली. कापड मात्र काकांचं नव्हतं. निळ्या कामाच्या शर्टाचा खिसा, त्यावर आजीनं दोऱ्यानं भरलेलं बाबांचं नाव.

"परत घाल."

दारात काका उभे होते. त्यांच्या मागे बाबा.

"काय केलंत तुम्ही तिचं?"

"फार लांब जाणार नाही असं वाटलं होतं," बाबा जमिनीकडे बघत म्हणाले. "वाटेत गाडी बंद पडेल, ती ढकलत घरी येईल. सगळ्यांसमोर. मग पुन्हा नाव काढणार नाही... पण गाडी बरोबर फाटकात बंद पडली."

"आणि तुम्ही बावीस वर्षं तिचीच घाई सांगत आलात."

"तोंड सांभाळ," काका म्हणाले. आवाज दबका होता आणि नजर बोळ्यावरून हलत नव्हती. "अजूनही ती बोलायला बघते. तो बोळा आहे म्हणून नुसते बार निघतात. घाल तो आत... तुझ्याही भल्याचं सांगतोय. मोठ्यांचं एकदा तरी ऐक."

तिने बोळा सीटवर ठेवला आणि हात पँटला पुसले.

"नाही घालणार. तिच्या तोंडात नाही आणि माझ्याही नाही. सोमवारी मी हजर होणार, याच गाडीवर."

काकांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं.

तेवढ्यात तिच्या पाठीमागे इंजिन चालू झालं. एकही बार न काढता, सलग, मऊ. नळी जमिनीवर पडलेली होती. चावी तिच्या खिशात होती.

काकांचं तोंड उघडंच राहिलं. ओठ हलत होते, मानेच्या शिरा फुगल्या होत्या, पण शब्द येत नव्हता. आत काही कोंबल्यासारखा त्यांचा डावा हात गळ्याकडे गेला. बाबाही तोंड उघडून तिच्याकडे बघत होते, पहिल्यांदाच काहीतरी बोलायचं असल्यासारखे... आणि त्यांचाही आवाज फुटेना.

शेडमध्ये जळक्या, ओल्या कापडाचा वास दाटला.

ठिणगीने मागे वळून पाहिलं. सीटवर बोळा नव्हता. नुसती तार होती, पीळ उलगडून सरळ झालेली.