सुईचं टोपण

वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण घालायचं नाही, हा प्रयोगशाळेतला पहिल्या दिवसाचा धडा. रक्त घेण्याच्या नोकरीतल्या सात वर्षांत ती तो कधी विसरली नव्हती. पण त्या दिवशी समोरच्या चष्मेवाल्याने हातावर कापूस दाबत गंभीरपणे विचारलं, "एवढं रक्त घेतलंत, उरलं तर परत मिळेल का?" हसता हसता तिने टोपण उचललं... आणि सुई तिच्या अंगठ्यात शिरली.

चष्मेवाला आला होता तो रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजून घ्यायला. एचआयव्ही असल्याचं त्याला आठवड्यापूर्वीच कळलं होतं. तिचा अंगठा पाहून तोच पांढराफटक पडला.

डॉक्टरांनी तासाभरात तिला गोळ्या सुरू केल्या, अठ्ठावीस दिवसांच्या. त्याच्याही त्याच दिवशी सुरू झाल्या, जन्मभराच्या. दुसऱ्या संध्याकाळी स्वारी प्रयोगशाळेच्या दारात हजर. एकट्याने गोळी गिळवत नाही म्हणे! मग रोज साडेसहाला बाहेरच्या बाकावर दोघं सोबत गोळी घेऊ लागली. तो आपल्या दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या नकला करायचा, ती हसायची. घरी मात्र तिला घास उतरत नसे. आत्याने विचारलं की पित्त झालंय म्हणायची.

एकदा त्याने विचारलं, हा विषाणू पेशींना मारतो तरी कसा? तिने आडपडदा न ठेवता सांगितलं. विषाणू स्वतः थोड्याच मारतो. बाकीच्या पेशी, तो अर्धवट आत शिरलाय एवढं कळताच, स्वतःच फुटून मरतात. त्या गोंधळाने नव्या पेशी मदतीला धावतात आणि त्याही तशाच जातात.

"म्हणजे बऱ्याचशा धास्तीनेच मरतात," तो म्हणाला.

"पुस्तकात असं लिहीत नाहीत."

"आपण नको हं तसं मरायला."

'आपण' ऐकून ती हातातली गोळी घ्यायचीच विसरली.

अठ्ठावीस दिवसांनी तिच्या गोळ्या संपल्या, तरी तो रोज साडेसहाला येत राहिला. तीन महिन्यांनी तिची शेवटची तपासणी झाली. लागण नव्हती. तिने बाहेर येऊन सांगितलं, तेव्हा त्याने डोळे मिटून मोठा श्वास सोडला. मग पिशवी उचलली.

"सुटलात तुम्ही. माझ्या पेशीही वाढतायत. आता इथे रोज यायला मला काही कारण नाही."

तिने आपले हात पुढे केले. ते थरथरत होते.

"मला वाटायचं, मी या रिपोर्टला घाबरते," ती म्हणाली. "तो चांगला आला, तरी बघा... तुम्ही निघालात म्हणून."

त्याने पिशवी खाली ठेवली. "बसतो मग थोडा वेळ."

"थोडा नाही," ती म्हणाली.