उलटं फिरलेलं कापड

सरोवरावरचं धुकं टेकडी चढून आलं आणि वाट चुकलेला रॉरी समोर दिसेल त्या दगडी झोपडीत शिरला. आत... धुरकट उजेडात एफी लोकर कातत होती. डोक्याला रुमाल, अंगावर दीडशे वर्षांपूर्वीचा घागरा.

आमच्या या उघड्यावरच्या संग्रहालयात कामाला असणाऱ्यांनी जुन्या काळातच राहायचं असतं. एफी हा नियम जरा जास्तच पाळते.

"कुठल्या जहाजानं आलात?"

"देशाच्या पार पश्चिमेकडून, अल्बर्टाहून... विमानानं."

"उडत? बसा हं. दूध देऊ गरम?"

रॉरीला हसू आवरेना. "आजी इथली होती माझी. संध्याकाळच्या बसनं परत निघालोय."

"तोवर कापड कुटायला चला. एक माणूस कमी आहे."

कोठारात लांब फळीभोवती आम्ही बसलोच होतो. रॉरी एफीच्या डावीकडे टेकला. विणलेलं लोकरी कापड घट्ट व्हावं म्हणून ओलं करून आपटायचं आणि डावीकडच्याला द्यायचं, सूर्य फिरतो तसं. उलटं गेलं की केलेलं सगळं वाया.

"हे पाण्यातच भिजवलंय ना?" रॉरीनं हळूच विचारलं.

"जुन्या पद्धतीनं. सगळं गाव रात्री खाटेखालची मडकी भरतं नि सकाळी आणून देतं."

त्यानं हात झटकन मागे घेतले.

"पाणीच आहे हो!" एफी खुदकन हसली.

मग आमच्यातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या पेगीआजीनं कापड कुटायच्या गाण्याचा सूर लावला. एकटा, कोरडा, आमच्या पणज्यांबरोबर समुद्र ओलांडून आलेला. पाठोपाठ आमचे सगळ्यांचे हात एकदम फळीवर पडले... कोठाराच्या भिंती घुमल्या. रॉरीचा चेहरा पांढराफटक.

"हे तर... आजी भांडी घासताना... मला वाटायचं, नुसती गुणगुणतेय."

एफीनं पहिल्यांदाच नियम मोडला. त्याच्या कानाशी वाकून ती एकेक शब्द आजच्या भाषेत उलगडून सांगू लागली. तो म्हणू लागला – अडखळत, डोळे भरून. त्याची गंमत करायची म्हणून बसलो होतो, पण मीसुद्धा त्याच्या सुरात सूर मिसळला.

पेगीआजीनं कापड बोटांत धरून पाहिलं. "झालंच. शेवटचा फेरा."

कापड एफीकडून रॉरीकडे आलं. त्यानं ते धरलं, तिच्याकडे पाहिलं... आणि उजवीकडे, तिच्याच पुढ्यात परत सारलं.

गाणं थांबलं.

"अरे गाढवा! उलटं? आता सगळं पहिल्यापासून!" पेगीआजी ओरडली.

"माहितेय, आजी."

"कोणी सांगितलं?"

"माझ्या आजीनं. ताट पुसताना उलटं फिरलं तरी सगळं पहिल्यापासून करायला लावायची."

एफीचे कान लाल झाले. खाली रस्त्यावर भोंगा वाजला.

"पोरा, तुझी बस!" मी म्हणालो.

"बस?" एफीनं बाह्या वर सारल्या. "ती काय असते?"

आणि तिनं कापड दणकन फळीवर आपटलं.