स्पेनची बाळंतीण

संपाला वर्ष होत आलं, तशी लालबागच्या चाळीतली माणसं मिळेल त्या कामाला लागली. कुणी भाजीची पाटी उचलली, कुणी गावची वाट धरली. गिरणीत माग चालवणारा दौलत गिरगावात रघुवीरशेटच्या दुकानात चिनी मातीच्या फुटक्या वस्तू सांधू लागला. तुटलेलं सूत जोडण्यात ज्याची हयात गेली, त्याला ते जमायला वेळ लागला नाही. घरात जे तुटलं होतं त्याला मात्र सांधा नव्हता. त्याची तान्ही चंपा थंडीत तापाने गेली. बायकोचं, अंबिकेचं, अंगावरचं दूध उपासमारीनं त्याआधीच आटलं होतं. पोर गेली आणि अंबिका बोलेनाशी झाली.

शेटला मात्र बोलल्याशिवाय चैन पडत नसे.

"अरे, स्पेनची माती म्हणजे काय समजलास! पूर्वी तिथले मूर, म्हणजे मुसलमान, कारागीर ताटांवर अशी झळाळी चढवायचे, की सोन्यानं तोंड लपवावं. आणि ही बाहुली बघ. व्हॅलेन्सियाजवळ तिघा भावांनी घराच्या अंगणात भट्टी घातली. दिवसा दुसऱ्याच्या कारखान्यात राबायचे, उरलेल्या वेळात हे."

ते तिघे दौलतला आपल्याच चाळीतले वाटले.

बाहुली म्हणजे फिकट निळ्या झग्यातली आई, मांडीवर तान्हं बाळ. बाळाचं एक पाऊल उडालं होतं.

"गिऱ्हाईक शनिवारी यायचंय. घरी ने, पण जिवापाड जप."

घरी गॅलरीच्या उजेडात दौलतने नवं पाऊल घडवलं, चंपाचं आठवून. दुसरं कुठलं पाऊल त्याला येत होतं? मग त्याने बाहुली उलटी केली. आतून ती पोकळ होती, आणि भट्टीत गरम हवा निघून जावी म्हणून तळाला भोक ठेवलेलं होतं. त्यात धूळ बसली होती. गिरणीत धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढून घ्यायची त्याची जुनी सवय. विचार न करता त्याने भोकाला तोंड लावलं आणि ओढलं.

तोंडात आलं ते कोमट होतं, गोडसर होतं. दूध.

तो थुंकला. जुना गोंद पाझरला असेल, अशी त्याने मनाची समजूत घातली. बाहुली धुतली, उन्हात वाळवली. दुपारी भोक पुन्हा ओलं होतं.

अंबिका भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. ती उठली, बाहुलीजवळ आली, आणि बाळाच्या गालावर काजळाची तीट लावली.

"हिका भूक लागली हा," ती म्हणाली.

कित्येक महिन्यांनी बायकोचा आवाज ऐकून दौलतला रडू फुटलं. मग त्याचं लक्ष तिच्या चोळीकडे गेलं. पुढून ओली झाली होती.

"माका पान्हो फुटलो."

शनिवारी तिने बाहुली पदराखाली घेतली.

"नेव नकात तिका."

"शेटची वस्तू ती. काम गेला तर खाऊचा काय?"

तिने हात सैल केले. भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

शेट सांधा शोधून थकला, खूश झाला. गिऱ्हाईक बाहुली घेऊन गेलं.

पान्हा थांबला नाही.

परळच्या डॉक्टरांनी तपासलं. दुःखात असं होतं, म्हणाले. गिरणीचे दरवाजे बंदच राहिले. पुढचा उन्हाळा आला, तरी अंबिका रोज दुपारी पदर ओढून, मांडी घालून बसे. मांडी रिकामी असे. कधीकधी दौलतला घुटके घेतल्याचा बारीक आवाज येई. मग तो गॅलरीत जाऊन उभा राही. तिचं हे एवढंच उरलेलं सुख त्याला मोडवत नव्हतं.

एका दुपारी तिने त्याला आत बोलावलं. चेहरा वेदनेने ओढलेला, आणि तरी मांडीवर पोर असावी तशी खाली बघत ती हसत होती.

"चेडू आता चावता."

तिने पदर बाजूला केला.

स्तनावर रक्ताचे दोन ठिपके होते, शेजारी शेजारी, तांदळाच्या दाण्याएवढे.

चंपा गेली तेव्हा तिला दात आले नव्हते.