डबा रोज रिकामा येत होता

तीन पुडांचा पितळी डबा. वरच्या पुडाला पोचा.

कोळशाच्या गॅसवर चालणारी सर्व्हिस मोटार.

खर्ड्यातून वेचून बाजूला ठेवलेले लसणाचे तुकडे.

करदोड्याला बांधलेली किल्ली.

हळदीचा डाग पडलेली एक चिठ्ठी... ज्याला लिहिली त्यानं न वाचलेली.

माझ्या वडिलांनी मला हे असंच सांगितलं. तुकड्यातुकड्यांत, मागचं पुढं करून. सगळं जुळवायला मला वीस वर्षं लागली.

वाचणाऱ्यांना आधीच सांगतो. यात मी पदरचं काही घातलेलं नाही. जे मला पटत नाही, तेही काढलेलं नाही.

डिसेंबर १९४३. सांगली. नदीपासून दहा मिनिटांवर असलेलं एक बोर्डिंग. नाव लिहीत नाही.

रात्रीची गोष्ट असेल असं वाटत असेल तर सोडून द्या. यातलं सगळं दिवसा घडलं.

ज्यांची मुलं शिकायला बाहेर आहेत, त्यांनी जरूर वाचा.

आधी थोडं

माझे वडील अर्जुना, कराडकडचे. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. खोलीत दोघंच. दुसरा लालासाहेब, तासगावच्या अलीकडच्या एका कोरड्या गावातला. त्या गावातून कॉलेजात आलेला पहिलाच मुलगा.

बोर्डिंगात स्वयंपाक नव्हता. लांबची मुलं खाणावळीत जेवायची. जवळच्या गावांतल्या मुलांचे डबे घरून यायचे. सर्व्हिस मोटारीवर काम करणारे वजीरभाई सकाळच्या फेरीला डबे आणायचे, अकराच्या सुमारास फाटकाशी वाटायचे. तीन वाजता रिकामे घेऊन परत.

लालासाहेबाची आई रंगूबाई. तिला अक्षर येत नव्हतं. मुलाची पत्रं तिला दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागत, म्हणून तिला ती फारशी आवडत नसत.

ती डबा वाचायची.

भाकरी उरली, म्हणजे पोटात दुखतंय. चटणी उरली, म्हणजे तोंड आलंय. खर्ड्यातला लसूण वेचून बाजूला ठेवलाय, म्हणजे सगळं ठीक. लालासाहेब लहानपणापासून लसूण वेचायचा.

डबा न धुता परत पाठवायचा, हे ठरलेलंच होतं. धुतला तर वाचणार काय?

दिवस पहिला

सकाळी वडील उठले तेव्हा लालासाहेबाचं अंथरूण गुंडाळलेलं होतं. तो नव्हता. दुपारी आला नाही. संध्याकाळीही नाही.

वडील घाबरले नाहीत. उलट त्यांना अभिमान वाटला.

तो काळच तसा होता. सातारा जिल्ह्यात गावोगावची पोरं भूमिगत होत होती. लालासाहेबाच्या गादीखाली छापलेली पत्रकं असायची. आठ दिवसांपूर्वीच तो वडिलांना म्हणाला होता, "अर्जुना, मी एखाद्या दिवशी दिसलो न्हाई तर बोंब मारू नगंस गड्या."

वडिलांनी बोंब मारली नाही.

संध्याकाळी हजेरी झाली. सुपरिंटेंडंट सर व्हरांड्यात बसून मान खाली घालून नावं वाचायचे. लालासाहेबाचं नाव आलं. वडिलांनी आवाज बदलून म्हटलं, "हजर, सर."

सरांनी टिंब दिलं.

राहिला डबा. तो भरलेला परत गेला असता तर घरचे धावत आले असते. घरचे आले की गवगवा. गवगवा झाला की पोलीस. म्हणून अकरा वाजताच वडिलांनी तो घेतला होता आणि खाल्ला होता. चाटूनपुसून. वर घासून, धुवून, फडक्यात बांधून वजीरभाईंच्या हातात दिला होता.

दिवस दुसरा

तसंच.

शेजारच्या खोलीतला गुंडा नावाचा मुलगा म्हणाला, "काय रं, खाणावळीत बी जेवतोस आन् दोस्ताचा डबा बी हाणतोस? त्येला काय वारा खायाला लावलास व्हय?"

"त्येचं पोट बिघाडलंय."

"आन् तुझं सुधारलंय!"

सगळे हसले. वडीलही हसले.

तिकडे गावात रंगूबाई धुतलेला डबा हातात घेऊन बसून राहिली होती. ती नवऱ्याला, आकारामला, म्हणाली, "आवं, ह्यानं कवा डबा धुतलाय? कायतरी हाय. तुमी जाऊन या."

आकाराम म्हणाला, "शाणा झाला असंल. रिकामा आलाय न्हवं?"

रिकामा आला होता, हे खरं होतं.

दिवस चौथा

वर्गातून निघायला वडिलांना उशीर झाला. ते धावत फाटकाशी आले. वजीरभाई मोटारीच्या मागच्या भट्टीत कोळसा ढकलत होते.

"वजीरभाई, लाल्याचा डबा?"

"दिला की."

"कुणाला?"

"कुणाला म्हंजे? ज्येचा त्येला."

"तुमी बघितला त्येला?"

वजीरभाई वैतागले. "अरं, वीस हात पुढं येत्यात. तोंडं बघत बसलो तर भट्टी इझंल माझी. नाव घेतलं, हात आला, डबा दिला."

मग थोडं थांबून म्हणाले, "हात लय गार हुता त्येचा. ताप बीप हाय का बघ."

वडील खोलीकडे गेले. दाराला कुलूप. सकाळी त्यांनीच घातलेलं. कुलपाला दोन किल्ल्या होत्या. एक वडिलांकडे, एक लालासाहेबाकडे.

उघडून आत गेले...

खिडकीत डबा होता.

रिकामा. न धुतलेला. मधल्या पुडाच्या कडेला लसणाचे पाच-सहा तुकडे, एका रांगेत.

वडिलांना हायसं वाटलं. लाल्या जिवंत आहे, इथंच सांगलीत कुठंतरी लपलाय, भूक लागली की येऊन जातो. यात भुताखेताचं काय?

संध्याकाळची हजेरी. लालासाहेबाचं नाव आलं. वडिलांनी श्वास घेतला...

"हजर, सर."

आवाज त्यांच्या मागून आला होता.

मागे भिंत होती.

सरांनी टिंब दिलं. पुढचं नाव घेतलं.

वडिलांनी रात्री गुंडाला धरलं. "आज तू बोललास का रं?"

"मी कशाला? तूच बोललास की. रोज तूच बोलतोस, समद्यास्नी म्हाईत हाय."

दिवस पाचवा ते दहावा

रोज एक गार हात डबा घ्यायचा. रोज लसूण. रोज हजेरी.

वडिलांना संशय यायला लागला.

आधी गुंडावर. मग दुसऱ्या एका मुलावर, कारण तो फार कमी बोलायचा. मग वजीरभाईंवर. मोटारीत बसून तेच तर डबा खात नसतील? मग सरांवर. सर पोलिसांना सामील असतील, आपल्याला बोलतं करायला हे नाटक रचलं असेल.

त्यांनी दाराच्या उंबऱ्यावर राख पसरून ठेवली. दुपारी येऊन पाहिलं.

राखेत पाऊल नव्हतं.

राख ओली होती.

दिवस अकरावा

वडील लवकर येऊन फाटकाशी उभे राहिले. वजीरभाईंकडून डबा स्वतः घेतला. वरच्या पुडात भाकरीखाली चिठ्ठी ठेवली.

"लाल्या, कुठं लपलायस? अकरा दिवस झाले. एकदा तोंड दाखव. अर्जुना."

डबा खिडकीत ठेवला. कुलूप लावलं. किल्ली मुठीत धरूनच वर्गात बसले.

परत आले तेव्हा फडक्याची गाठ बांधलेली होती. डबा हलका. त्यांनी उघडून पाहिलं नाही. त्याने चिठ्ठी घेतली असणार, असं धरून चालले. डबा वजीरभाईंकडे दिला.

चिठ्ठी डब्यातच होती.

संध्याकाळी ती रंगूबाईच्या हाताला लागली. आकाराम ती घेऊन शाळेतल्या मास्तरांकडे गेला. मास्तरांनी वाचली, पुन्हा वाचली, आणि चष्मा काढला.

दिवस बारावा

मोटारीतून डब्याबरोबर आकाराम उतरला. डबा मांडीवर धरून आणला होता. वजीरभाईंच्या हातात दिला नव्हता.

खोलीत आला. पटका काढून बाजूला ठेवला. वडिलांना म्हणाला, "पोरा, माझा ल्योक कुठं हाय?"

वडिलांनी सगळं सांगितलं. भूमिगत झाल्याचं, हजेरीचं, डब्याचं.

आकारामनं मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी विचारलं, "तू किती दीस जेवलास?"

"तीन."

"धुतलेले तीन." तो स्वतःशीच म्हणाला. मग, "आन् ऱ्हायलेलं?"

वडिलांनी नुसतं खिडकीकडे बोट दाखवलं.

"त्येची आई म्हनत हुती. पयले तीन दीस माझं पोरगं जेवलं न्हाई म्हनं. चौथ्या दिसापास्नं जेवतंय."

त्याने डबा सोडला. तीन पुडं मांडली. ज्वारीच्या भाकरी, झुणका, खर्डा, एक कांदा.

"दार उघडं ठेव. यील. भूक लागल्यावर यील."

दोघे बसले. बाहेर लख्ख ऊन. हौदावर कुणीतरी कपडे आपटत होतं. कुणीतरी मोठ्याने इंग्रजी पाठ करत होतं.

मग कपडे आपटणं थांबलं.

पाठांतरही थांबलं.

व्हरांड्याच्या फरशीवर पावलं वाजली. ओली. चप... चप... चप...

दाराशी थांबली.

दारात कुणीही नव्हतं. ऊन सरळ आत आलं होतं.

आकाराम म्हणाला, "ये. बस."

वडिलांनी मान खाली घातली. भीतीनं नव्हे, असं ते म्हणायचे. लाजेनं. त्यांना कांदा फोडल्याचा आवाज आला. भाकरी मोडल्याचा आला. डोळ्यांच्या कोपऱ्यातून आकारामचे दोन्ही हात दिसत होते. दोन्ही हात गुडघ्यांवर होते.

"सावकाश," आकाराम म्हणाला. "ठसका लागंल."

किती वेळ गेला कुणास ठाऊक. बाहेर पुन्हा कपडे आपटायला लागले. वडिलांनी वर पाहिलं. डबा रिकामा होता. कडेला लसूण.

आकाराम रडत होता.

"पान्यात हाय त्यो," म्हणाला. "आमच्या गावात वढ्याला बी पानी नसतं. त्येला कुठलं प्वहाया येतंय?"

वडील मला नेहमी एक गोष्ट बजावून सांगायचे. पावलं आलेली त्यांनी ऐकली.

गेलेली ऐकली नाहीत.

त्याच दिवशी, दुपारी

सुपरिंटेंडंट सरांनी आकारामला खुर्ची दिली. "अहो, तुमचा मुलगा रोज हजर आहे. हे बघा." हजेरीपट उघडून दाखवला. एकही टिंब चुकलेलं नव्हतं.

"त्येला बोलवा मंग."

सरांनी शिपायाला पाठवलं. शिपाई एकटाच परत आला. सरांचा चेहरा हळूहळू बदलला. हजेरीपट मिटून ते म्हणाले, "मागं एक हवालदार येऊन गेला होता. हरिपूरच्या संगमाखाली एका मुलाचं प्रेत लागलं होतं. तुमच्यातला कुणी कमी आहे का, म्हणून विचारत होता. मी त्याला हेच दाखवलं..."

हवालदार सगळ्या बोर्डिंगांत फिरला होता. कुठंच कुणी कमी नव्हतं. म्हणून प्रेत बेवारस म्हणून जाळलं.

चौकीत एक पुडी होती. तिच्यात करदोडा, करदोड्याला किल्ली. आकाराम ती घेऊन परत आला. खोलीच्या कुलपाला लावली.

कुलूप उघडलं.

पहिल्याच दिवशी पहाटे तो घाटावर आंघोळीला गेला होता. एवढंच. भूमिगत वगैरे काही नाही.

आता

वजीरभाईंना मी एकदा भेटलो. फार म्हातारे झाले होते. गार हात त्यांना आठवत होता. "पन थंडीचं दीस हुतं बाबा," असंही म्हणाले.

आणि मला जे पटत नाही ते हे.

लालासाहेबाची लसणाची सवय माझ्या वडिलांना माहीत होती. एकाच खोलीत राहायचे ते. आणि त्या बारा दिवसांत कुलपाची चालती किल्ली एकच होती. वडिलांकडची.

आधीचे अकराही डबे त्यांनीच खाल्ले असतील का? आणि मनाला खात राहिलं म्हणून चौथ्या दिवसापासूनचं हे सगळं उभं केलं असेल? मी त्यांना हे कधी विचारलं नाही. मग आकाराम कुणाशी बोलत होता, याचं उत्तर माझ्याकडे नाही. वडील खोटं बोलत होते असं धरलं तर मला झोप लागत नाही. खरं बोलत होते असं धरलं तरी लागत नाही.

माझी नात विश्रामबागेत हॉस्टेलला आहे. रोज तिच्या हजेरीचा मेसेज येतो. मेसचं कार्ड किती वाजता लागलं तेही कळतं. घरच्यांना याचा फार आधार वाटतो.

मी मात्र शनिवारी जातो आणि तिला समोर बसवून जेवायला लावतो. ती चिडते. "आजोबा, मी लहान आहे का?"

आई-वडिलांनो, डबा रिकामा आला म्हणजे कुणीतरी जेवलं, एवढंच कळतं. जाऊन तोंड बघा.

दिवस तिसरा

हा तुकडा वडिलांनी मला सगळ्यात शेवटी सांगितला. संध्याकाळच्या हजेरीला सरांच्या शेजारी हवालदार उभा होता. तो भूमिगतांच्या शोधात आलाय असं माझ्या वडिलांना वाटलं. लालासाहेबाचं नाव आलं तेव्हा ते रोजच्यापेक्षा मोठ्यानं म्हणाले, "हजर, सर."