कोरड्या मुलखाचा देव

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. उदगीरमध्ये तेव्हा दोनच विषय होते. टँकर कधी येणार आणि आपला जिल्हा कधी होणार. शिवकांताकाकूंना मात्र तिसराही एक होता, शेजारचा भुजंग. पुण्याची खोली सोडून एकटाच घरी आलेला हा पोरगा दिवसभर दार लावून करतो काय, हे कळल्याशिवाय त्यांना घास गोड लागेना. म्हणून एका दुपारी चार धपाटे ताटलीत झाकून त्या निघाल्या.

पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली त्यांची लेक दानम्मा ओसरीवरून हसली. "धपाट्याचं निमित्त व्हय, आई?"

"निमित्त कशाचं? उपाशी असंल लेकरू," म्हणत काकूंनी पाण्याचा तांब्याही उचलला. कुणाकडं जाताना आपलं पाणी आपणच न्यायचं, अशी गल्लीची रीत पडली होती.

बाहेर ऊन असं, की वाळत घातलेले पापड घडीभरात कडकडायचे. भुजंगच्या खोलीत मात्र ओल्या मातीचा वास कोंडला होता. टेबलावर वीत-वीत उंचीचे मातीचे देव ओळीनं मांडलेले. एकही ओळखीचा नव्हता.

"हे कुठले रे देव?"

"कुठलेच न्हाईत, काकू. मीच करायलोय. खेळाचे हायत." भुजंगनं धपाट्याचा तुकडा मोडला. "चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. फासे टाकून पुढचं ठरतं. त्या गोष्टीतल्या मुलखाला देव लागतात. खेळ काढणाऱ्या कंपनीनं ते काम मला दिलंय."

"लागतात म्हणं. मांडवाला खांब लागतात तसे."

"तसंच की. हा वाऱ्याचा. ही धुळीची आई. हा मोडलेल्या वाटांचा."

शेवटच्याला डोळे नव्हते, कान नव्हते. नुसतं तोंड होतं, उघडं.

"अन् ह्यो?"

"तहानेचा. त्याला बघायचं न्हाई, ऐकायचं न्हाई. निस्तं मागायचं."

काकूंचं डोकं तापलं. "हितं लोकं घागरीपायी एकमेकांच्या उरावर बसायलेत, अन् तू तहानेला देव केलास? बरं, केलास तर केलास. त्याला असा कोरड्या तोंडानं बसवलास? देव घडवला की त्याचं खाणंपिणंबी बघावं लागतं. का तेबी कंपनीच बघती?"

बोलून बोलून त्यांचा घसा सुकला. तांब्या तोंडाशी गेला आणि हात थांबला. गळ्यातल्या इष्टलिंगाला दाखवल्याशिवाय त्या जन्मात पाणी प्यायल्या नव्हत्या. समोर आ वासून बसलेल्याला टाळून पिणं त्यांच्या जिवाला पटेना. त्यांनी बोटं बुडवून दोन थेंब त्या तोंडात सोडले आणि मग आपण प्यायल्या.

भुजंगचा घास हातातच राहिला. "काकू... त्याला पाणी द्यायचं नव्हतं."

"का?"

"खेळाचा नियम हाय." तो हसायला गेला, पण हसू पुरतं आलं नाही. "देव करताना तीन गोष्टी ठरवाव्या लागतात. काय देतो, काय मागतो, कशानं रागावतो. ह्याला पहिलं पाणी जो पाजंल, त्याच्या घरचा ह्यो देव. त्या घरचं पाणी आटत न्हाई."

"बरंच की. अन् मागतो काय?"

"त्या घरात पुढं येणारं लेकरू."

काकूंनी उरलेले धपाटे ताटलीसकट उचलले. "असलं घाण सुचतं तुला, अन् खातोस माझ्या हातचं," एवढं बोलून त्या तिसरी गोष्ट न विचारताच घरी आल्या.

त्या आठवड्यात टँकर आला नाही. काकूंच्या हौदातलं पाणी मात्र बोटभरही उतरलं नाही. देण्यात त्यांचा हात कधी आखडला नव्हता. गल्ली घागरी घेऊन आली, नेत राहिली. समोरची नागुबाई म्हणाली, "जिल्हा तुमच्याच परसात झाला वाटतं, काकू." सगळे हसले. काकूंना हसू येईना. पाण्याला ओल्या मातीचा वास येत होता.

एका दुपारी दानम्मा झोपेतून उठून बसली.

"आई... हौदावर कोण पाणी पितंय?"

काकूंनी कान दिला. गल्ली निपचित होती. परसातून आवाज येत होता. गुटुक... गुटुक... घाई नसलेला. त्यांनी जाऊन हौदाचं झाकण उचललं. पाणी काठोकाठ आणि निश्चल. झाकणाच्या आतल्या बाजूला ओल्या मातीचा एक गोल उमटला होता. कुणी तोंड टेकवल्यासारखा.

त्या तशाच भुजंगच्या दारात उभ्या राहिल्या. "नियम बदल."

"बदलला, काकू. कंपनीला तो देव नकोच झालाय. मोडला मी त्याला." त्यानं अंगणातल्या घमेल्याकडं बोट केलं. आत मातीचा गोळा होता. "तवापासून उन्हात ठेवलाय... वाळतच न्हाई."

काकूंनी गोळ्यावर बोट ठेवलं. माती गार होती. बोट आत रुतलं आणि त्याच्याभोवती माती हलकेच मिटली.

त्यांनी हात हिसकला. भीती वाटली, पण संताप तिच्याआधी आला. "ऐक रे मुडद्या. तहानलेला दिसलास म्हणून दोन थेंब दिले तुला. मोल ठरवून न्हाई दिले. दोन थेंबाला लेकरू? माझ्या नातवंडाचा देव कोणता, ते मी सांगणार. तुझं पाणी तुला परत."

आणि खरंच, त्या करपत्या दुपारी काकूंनी हौद उपसायला घेतला. बादलीमागून बादली गल्लीत रिचवली. नागुबाई घागर घेऊन धावत आली. "डोकं फिरलं का बाई? आमच्या घागरीत तरी वता."

"न्हाई. हे पाणी आपलं न्हाई."

एवढं पाणी ओतलं, पण कुठं चिखल झाला नाही, ओघळ गेला नाही. पडल्या जागी माती कोरडी राहिली. हौदाचा तळ उघडा पडला तेव्हा गलका ऐकून भुजंग पळत आला. रिकामा हौद बघून दारातच खिळला.

"काकू... तुम्ही तिसरं इचारलंच न्हाई."

"काय तिसरं?"

"कशानं रागावतो ते. दिलेलं परत केलं की..."

काकूंनी हौदाकडं पाठ केली. "रागावू दे. मीबी रागावलेच हाय."

दानम्माला मुलगी झाली. दवाखान्यातून धडधाकट घरी आली. हौद कोरडाच राहिला, वास गेला, आवाजही गेला. लिंगायतांच्या रीतीप्रमाणं बाळाच्या गळ्यात लिंग बांधायला मठाचे स्वामी आले, त्या सकाळी मागून आणलेल्या तांब्याभर पाण्यात काकूंनी स्वतः नातीला पुसून काढलं होतं. मानेच्या वळीतून बोट फिरवलं होतं. गळा मोकळा होता. मग नवं झबलं घालून, छातीशी धरूनच त्या बाहेर आल्या होत्या.

स्वामींनी चांदीच्या डबीतलं लिंग हातात घेतलं. काकूंनी मान उंच करून जमलेल्या गल्लीकडं पाहिलं. बघा म्हणावं, कोणाचं लेकरू हाय ते.

स्वामींनी झबल्याची नाडी सोडली. त्यांचे हात थांबले.

"माय... हे आधीच कुणी बांधलंय?"

बाळाच्या गळ्यात काळा दोरा होता. दोऱ्याला बोराएवढी मातीची गोळी, ओली.

"तोडा," काकू म्हणाल्या. "आत्ता सोडा ते."

स्वामी दोरा बोटांतून फिरवत राहिले. एकदा, परत एकदा. मग त्यांनी काकूंचा हात धरून तो दोऱ्यावर ठेवला. काकूंनी तो नातीच्या गळ्याभोवती पूर्ण चाचपला.

त्याला कुठंच गाठ नव्हती.